ढोलवाल्याची पाठ

भिंतीपलीकडचं भांडण ऐकू नये म्हणतात. पण दोन्ही हात शेणात असले की कान झाकायचे कशानं? माझं नवीन लग्न झालेलं, शिरूरला येऊन फार दिवस झाले नव्हते. आमच्या परसाला लागून मिशनचं कंपाउंड, आणि भिंतीपलीकडचं पहिलंच घर शमुवेल मास्तरांचं. मास्तर शाळेचे नव्हेत, बँडचे. मी भिंतीला गोवऱ्या थापत होते आणि पलीकडे बापलेकांची जुंपली होती.

"क्लॅरनेट धाकट्याला आन् मला ढोल? का पर?"

"तुझं खांदं बघ की. ढोल कोण उचलंल मग? दानिएल? ते पोरगं ढोलाखाली सापडायचं."

"मोठं झाल्यावर उचलंल. मला काय फुकता येत न्हाई का? फुकून दाखवू?"

"येतंय की. न्हाई कोण म्हणतंय? पर ख्रिस्तोफर, तू फुकलं का क्लॅरनेट वाजतं. त्यानं फुकलं का बोलतं. आता ह्याला मी काय करू?"

 मग ढोलावर असा एक दणका बसला, की माझ्या हातातली गोवरी भिंतीऐवजी माझ्याच पायावर पडली.

तो ख्रिस्तोफर. तेव्हा त्याला मिसरूड फुटत होतं आणि दानिएल अजून चड्डीचं बटण लावून घ्यायला आईकडे जायचा. बाप खोटं बोलला नव्हता, हीच मोठी अडचण झाली. बाप खोटं बोलला असता तर ख्रिस्तोफर भांडला असता, रुसला असता, आणि एक दिवस विसरलाही असता. खरं बोललेलं माणूस विसरत नाही.

बँडची उभं राहायची एक रीत असते. सगळ्यात पुढं क्लॅरनेट. त्याच्यामागं पितळी वाद्यं, मग ताशे, आणि सगळ्यात शेवटी मोठा ढोल. अख्खा बँड पाऊल टाकतो ते ढोलाच्या ठोक्यावर, पण लोक बघतात ते पुढं. ढोलवाल्याला सगळ्यांच्या पाठीच दिसतात. ख्रिस्तोफरनं चाळीसेक वर्षं सगळ्या तालुक्याच्या लग्नांत भावाची पाठ बघितली. मी एकदा म्हटलंसुद्धा, "अरे, तुझ्याशिवाय त्यांचं पाऊल तरी पडतं का?" तर म्हणाला, "वहिनी, पायाकडं कोण बघतंय? लोक नवरीकडं बघत्यात, न्हाईतर दानिएलकडं."

ते खरं होतं. सुपारी द्यायला पाहुणे यायचे ते फाटकातूनच विचारायचे, "दानिएल येणार असंल तरच बोला हां मास्तर." ख्रिस्तोफर दारात उभा असायचा, त्याच्याशी कोणी बोलायचं नाही. फार तर, "कोण? दानिएलचा भाऊ व्हय?" म्हातारा होईपर्यंत त्याचं नाव तेच राहिलं. पोस्टमनसुद्धा तसंच हाक मारायचा.

आणि दानिएल वाजवायचा तरी कसा! मी काही गाण्यातली नाही. पण माझी सासू, जी कोणासाठी कधी रडली नाही, सासरे गेले तेव्हाही पदर कोरडा, ती त्याचं वाजवणं ऐकून भिंतीशी बसून डोळे पुसायची आणि म्हणायची, "मेल्याला कुणीतरी गप करा गं." असं माणूस घरात असलं की बाकीच्यांनी करायचं काय?

पण देवानं त्याला एका हातानं दिलं आणि दुसऱ्या हातानं बाटली दिली. लग्नाआधी घेतली, लग्नानंतर घेतली, मास्तर गेले तेव्हा तर महिनाभर उतरलीच नाही. सुपारीच्या दिवशी हा गायब. मग सगळ्यांनी ख्रिस्तोफरच्या तोंडाकडं बघायचं. वरवंडच्या एका लग्नात असंच झालं. नवरदेव घोड्यावर बसलेला, मारुतीला जायची वेळ झाली, आणि क्लॅरनेटवाला नाही. ख्रिस्तोफरनं काय करावं? ढोल गळ्यात अडकवला आणि बँडच्या मागून निघून पुढं आला. नुसत्या ढोलावर त्यानं नवरदेवाचा सगळा परण्या, वऱ्हाडासकट, मारुतीपर्यंत नेला आणि मांडवात परत आणला. पोरं नाचून नाचून घामाघूम झाली. आमचे हे त्या लग्नाला होते. हे म्हणाले, असा ढोल जन्मात ऐकला नाही.

मग अक्षता पडल्यावर, जेवणं चालू असताना, दानिएल कुठून तरी उगवला. शर्टाला माती, पायात एकच चप्पल. मांडवाच्या खांबाला टेकला आणि नवरीच्या पाठवणीचं वाजवलं. जेवणारांचे हात पत्रावळीवरच थांबले.

पुढं कितीतरी वर्षं वरवंडची माणसं सांगायची, "काय लगीन झालं ते! दानिएल काय वाजवला!" ढोलाचं कोणी काढलं नाही. ख्रिस्तोफरनं मला हे स्वतः सांगितलं, आणि सांगताना हसला. पण ते हसणं दात दुखताना हसतात ना, तसलं होतं.

दानिएल सापडायचा बहुतेक दौंडला. त्याची बायको नॅन्सी दौंडची, बाप तिचा रेल्वेत. सासुरवाडीला जातो म्हणून निघायचा आणि सासुरवाडी राहायची बाजूला, स्टेशनावरच बसायचा. गाड्या आल्या की वाजवायचा. निरोप आला की ख्रिस्तोफर एसटीनं जायचा आणि त्याला उठवून आणायचा. दोघं कंपाउंडात शिरले की ख्रिस्तोफरची बायको हन्ना दारातूनच म्हणायची, "आणलंत का तुमचं सोनं? धुवा आता आन् ठिवा पेटीत!"

"हळू बोल. ऐकतोय त्यो."

"ऐकू द्या की. त्याचं सगळ्यांनी ऐकायचं, आन् माझं त्यानं ऐकलं तर काय कान झडत्यात त्याचं?"

हन्ना बोलायला तिखट. पण दानिएलच्या पुढ्यात भाकरी तीच ठेवायची, आणि वर तेल-चटणीही. ख्रिस्तोफरला मात्र चटणी मागावी लागायची. हेही त्याच्या मनात होतं. एकदा मला म्हणाला, "वहिनी, माझ्या घरात त्याला न मागता मिळतंय. मला मागूनबी अर्धंच." मी म्हटलं, "मग तूही पी." तर म्हणाला, "मग आणायला कोण जाईल?"

दारूनं शेवटी करायचं ते केलं. दानिएल गेला. डीजे आल्यावर बँड तर आधीच बसला होता. ढोल आणि पितळी वाद्यं कपाटावर गेली होती. नॅन्सी बापाच्या दोन खोल्यांत दौंडला राहायला गेली. तिला साखर. बाजरीच्या भाकरीशिवाय दुसरं चालत नाही, आणि म्हणे दौंडच्या गिरणीत पीठ भरड येतं. तेव्हा दर शनिवारी ख्रिस्तोफर आमच्या शिरूरच्या गिरणीतून दळून पिशवी घेऊन दौंडला. जाताना मी परसातला कढीपत्ता द्यायची. हन्नाला याचाही राग.

"भाऊ मेला तवा वाटलं, आता तरी माझा नवरा घरात ऱ्हाईल. आता भावजयीचं पीठ सुरू झालं. आन् तुम्ही वर कढीपत्ता देताय, वहिनी?"

"अगं, म्हातारा झाला तो. आता कशाला जळतीस?"

"मी कुठं जळतीय?" म्हणून तिनं असं भांडं आपटलं की माझी मांजर कौलावर गेली.

मग आला तो व्हिडिओ. रांजणगावच्या कंपनीतला एक बिहारचा पोरगा सुट्टीला गावी जाताना दौंडला गाडीची वाट बघत होता. त्यानं दानिएलला वाजवताना मोबाइलवर धरून ठेवलं होतं. दानिएल गेल्यावर कधीतरी त्यानं ते सोडलं आणि ते कुठल्या कुठं गेलं. माझी सून सुलक्षणा रोज येऊन सांगायची, आत्या, आज इतक्या लाख लोकांनी बघितलं. म्हटलं, बघितलं चांगलं केलं, पण जिवंत होता तेव्हा एकाला तरी त्याला घरी सोडायचं सुचलं का?

त्यावरून पुण्याची अनुपमा नावाची बाई आली. पिच्चर काढणारी. पोरसवदा, केस कापलेले, पण बोलायला गोड. दानिएलच्या आयुष्यावर पिच्चर काढायचा म्हणाली. त्या दिवशी ख्रिस्तोफरनं इस्त्रीचा सदरा घातला, खुर्ची ओसरीत मांडली, आणि केसांना पाणी लावून बसला. मी भिंतीपाशी धुणं वाळत घालत होते. जरा हळूहळूच वाळत घातलं.

"आजोबा, दानिएल लहानपणी कसे होते?"

त्यानं सांगितलं.

"त्यांना पहिलं क्लॅरिनेट कोणी दिलं?"

त्यानं सांगितलं. मग घसा खाकरून म्हणाला, "त्याच टायमाला मला ढोल दिला. ढोलाचं असं असतंय बगा—"

कॅमेऱ्यावर एक लाल दिवा होता. तो विझला. ख्रिस्तोफरनं दिव्याकडं बघितलं आणि थांबला. अनुपमानं दानिएलचं विचारलं, दिवा लागला. ढोलाचं निघालं, दिवा गेला. असं दोनतीनदा झाल्यावर म्हातारा हुशार झाला. दिवा लागला की म्हणायचा, "तर दानिएल, म्हंजी माझा धाकटा भाऊ, ढोल वाजवत व्हतो तो मी..." असं एका दमात घुसवायचा. मला हसू आवरेना.

काही महिन्यांनी ती परत आली. गोष्ट लिहून झाली होती. ती वाचून दाखवायला बसली, तेव्हा नॅन्सीही दौंडहून आली होती, आणि मलाही चहाला बोलावलं होतं. गोष्टीत थोरला भाऊ होता. धाकट्यावर जळणारा. मोठ्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी हा थोरला क्लॅरनेट विहिरीत टाकतो, म्हणून धाकटा दारूला लागतो, असं होतं.

 हन्नानं हातातली बशी खाली आदळली.

"मी कवा टाकलं विहिरीत?" ख्रिस्तोफर म्हणाला.

"तसं नाही आजोबा. तुम्ही टाकलं नाही, हे मला माहीत आहे. पण गोष्टीत कोणीतरी वाईट लागतं."

"कंपाउंडात विहीरच न्हाई."

"ती आम्ही करू."

म्हाताऱ्यानं कप खाली ठेवला. मग त्यानं विचारलं, "नाव काय हाय त्याचं? त्या वाईटाचं?"

"तुमची हरकत असेल तर नाव बदलू ना."

"बदलू नगा," तो घाईनं म्हणाला. "ख्रिस्तोफरच ठिवा. आन् ढोल असंल ना त्याच्या गळ्यात?"

मी त्याच्या तोंडाकडं बघितलं. माणसाला शिवी दिली आणि तो म्हणतोय, जरा मोठ्यानं द्या. पण मला उमगलं. जन्मभर दानिएलचा भाऊ म्हणून राहिलेल्याला स्वतःच्या नावानं पडद्यावर यायचं होतं. वाईट म्हणून का होईना. आणि क्लॅरनेट विहिरीत टाकावं असं त्याच्या मनात कधी आलंच नसेल, असंही मी छातीवर हात ठेवून म्हणणार नाही. फक्त टाकलं नाही. बाई त्याच्या मनातलं लिहून आली होती, आणि म्हातारा त्यातच खूश होता.

पण नॅन्सी उठली. ती बिचारी कधी मोठ्यानं बोलली नव्हती. पदर खोचून म्हणाली, "माझ्या भाऊजींची अशी बदनामी व्हायला मी सही देणार न्हाई. ह्यांना स्टेशनावनं उचलून कुणी आणलं? तुमच्या त्या थोरल्यानं? काढून टाका त्याला."

"अगं नॅन्सी, ऱ्हाऊ दे," ख्रिस्तोफर म्हणाला.

"न्हाई म्हंजी न्हाई. भाऊजी, तुम्ही साधं हाय, तुम्हाला कळत न्हाई."

सही तिचीच लागत होती, बायको म्हणून. अनुपमानं कबूल केलं. आणि मग काय झालं? वाईट थोरला काढला, तर चांगला थोरला लिहायला तिला वेळ नव्हता, का जागा नव्हती, देव जाणे. पिच्चरमध्ये दानिएल आईबापाचा एकुलता एक झाला. स्टेशनावरून त्याला त्याचा जिवलग दोस्त उचलून आणणार. नॅन्सीनं चांगुलपणा केला आणि त्या चांगुलपणानं म्हातारा पुसून गेला.

त्यानंतर तो बरेच दिवस भिंतीशी आला नाही. आला तेव्हा एवढंच म्हणाला, "वहिनी, वाईट तर वाईट, व्हतो तरी." शनिवारचं पीठ मात्र चुकलं नाही. तिच्यावर रागावलात ना, मग कशाला जाता, असं हन्नानं विचारलं, तर म्हणाला, "राग पिच्चरचा हाय. पिठानं काय केलंय?"

शूटिंगवाले शिरूरला आले तेव्हा त्यानं दार लावून घेतलं. माझी भिंत मात्र त्यांनी घेतली. अनुपमा म्हणाली, "आजी, गोवऱ्या लावाल का?" आता आमच्याकडे गॅस आहे, म्हशी गेल्या, शेण आणायचं कुठून? शेवटी दुसऱ्याच्या गोठ्यातलं आणून थापलं. दानिएलचं काम करणारा सत्यजीत नावाचा नट होता. देखणा, व्यायामानं छाती फुगवलेली. आमचा दानिएल तर फुकून फुकून बरगड्यांनाच उरला होता.

शेवटचं काम त्यांचं दौंड स्टेशनावर होतं, आणि नेमका शनिवार. पुढचं मला ख्रिस्तोफरनंच सांगितलं. म्हातारा झालेला दानिएल प्लॅटफॉर्मवरून एकटा लांब चालत जातो, पाठमोरा, असं दाखवायचं होतं. सत्यजीतला पांढरे केस लावले, दानिएलसारखा बँडचा कोट घातला, पण पाठ काही म्हातारी होईना. तो चालला की पैलवान आखाड्यात निघाल्यासारखा दिसायचा. असं चाललं असताना ख्रिस्तोफर पीठ नॅन्सीकडे देऊन परत निघाला होता. शूटिंग बघायचं नाही, असं ठरवून आला होता. पण पाय स्टेशनात वळले. ठरवलेल्या गोष्टीचं असंच होतं.

अनुपमानं त्याला जाताना मागून बघितलं आणि ओरडली, "हेच! थांबा, आजोबा! असंच चाला फक्त. एकदाच."

"कोण म्हणून?" त्यानं विचारलं.

"दानिएल म्हणून."

तो बाकावर बसला. तिनं पाणी दिलं. तो म्हणाला, "दानिएल असा चालायचा न्हाई. त्याला जमीन पोळल्यागत चालायचा त्यो, टाचा उचलून. हे चालणं ढोलाचं हाय. पोटावर ढोल घिऊन मागं रेलायचं, आन् पावलं फाकवून टाकायची."

"लोकांना कुठं माहीत आहे, आजोबा? चांगलं दिसतंय."

"लोकांना कुठंच काय म्हाईत न्हाई," तो म्हणाला. पण उठला. मी विचारलं, का उठलास? म्हणाला, "मी न्हाई उठलो, तर दुसऱ्या कुणाला तरी घातला असता त्यांनी कोट. माझ्या भावाचा कोट कुणीबी घालायचा काय?" आणि वर म्हणाला, "आन् खरं सांगू का वहिनी, मला घालायचाच व्हता. लहानपणापास्नं."

शिरूरला पिच्चर लागला तेव्हा सगळं कंपाउंड गेलं, आम्ही पण गेलो. नॅन्सी दौंडहून नवी साडी नेसून आलेली. एका बाजूला ती, मध्ये हन्ना, मग ख्रिस्तोफर, मग मी. पिच्चर चांगला होता. रडायला लावत होता. माझी भिंत दिसली, मी सुलक्षणाला कोपर मारेपर्यंत गेलीसुद्धा. ख्रिस्तोफर सगळा वेळ खुर्चीच्या काठावर होता. एकुलता एक दानिएल लहानाचा मोठा झाला, वाजवायला लागला, प्यायला, पडला, दोस्तानं उचलला. दोस्तानं उचललं तेव्हा म्हाताऱ्याच्या नाकातून एक आवाज आला फक्त.

शेवटी ती पाठ आली. धुकं, प्लॅटफॉर्म, मागं क्लॅरनेट वाजतंय, आणि तो म्हातारा कोट घालून लांब लांब जातोय. सगळं थेटर मुसमुसायला लागलं. नॅन्सीला तर राहवेना. मोठ्यानं हुंदका देऊन म्हणाली, "अगदी अस्सेच जायचे ओ! अगदी अस्सेच!"

आणि हन्ना ताडकन उभी राहिली.

"ए बाई, रडू नगंस! त्यो तुझा न्हाई, माझा हाय! जलमभर चोळलेत मी ते खांदं. माझं म्हातारं हाय ते, ढोलवालं! हे काय इथं बसलंय!"

 मग मागच्या रांगेतून कोणीतरी हसलं, आणि मग अख्खं थेटर. रडता रडता हसत होते लोक. दिवे लागले, तसं कोणीतरी ओरडलं, "कोण हाय ओ ढोलवाला? उभं ऱ्हावा की!" नॅन्सी पदरानं तोंड पुसत पुढं वाकून बघायला लागली. आणि लोक माना वळवून पडद्याकडं नाही, आमच्या रांगेकडं बघत होते.

ख्रिस्तोफर उभा राहिला नाही. लाजला. बायकोचा हात धरून खाली ओढत होता, "बस गं, बस की." पण तिचा हात नंतर बराच वेळ सोडला नाही त्यानं, एवढं मी बघितलं.

पुढं थंडी सुरू झाली आणि एका रविवारी सकाळी, चर्चची घंटा व्हायच्या आधीच, तो झोपेतच गेला. आदल्या दिवशी शनिवार होता. सकाळी गिरणीतून आला तेव्हा पीठ अजून गरम होतं. मी कढीपत्ता दिला. हन्ना आतून म्हणाली, "तिला सांगा, मागच्या चटणीची बरणी धुऊन पाठीव." न्हावऱ्याच्या वाटेनं जाणारी एसटी मिळाली, खिडकीची जागा मिळाली. नॅन्सीनं नंतर सांगितलं, आला, पीठ स्वतःच डब्यात ओतलं, पिशवी दारात झटकली, बिनसाखरेचा चहा पिऊन तोंड वाकडं केलं, आणि बरणी मागून घेऊन निघाला. दिवेलागणीला मी तुळशीपाशी होते, तेव्हा फाटकातून आत आला.

"पोचलं का रे पीठ?"

"पोचलं," म्हणाला. बरणी हन्नाच्या हातात दिली आणि पिशवी दारामागच्या खुंटीला अडकवली.